ब्लीच: रंग उडवते, जंतू मारते, मळ मात्र काढत नाही

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका टोकाशी नाकात झोंबणारा हिरवट पिवळा वायू निघतो आणि दुसऱ्या टोकाशी कॉस्टिक सोडा तयार होतो. हा वायू म्हणजे क्लोरीन. कॉस्टिक सोड्याच्या थंड द्रावणात तो मुरवला की सोडियम हायपोक्लोराइट मिळते. दुकानात ‘ब्लीच’ म्हणून मिळणारी बाटली म्हणजे या रसायनाचे साधारण ४ ते ६ टक्के तीव्रतेचे पाणी. आपले काम उरकल्यावर त्याचे बहुतांशी पुन्हा मीठच होते.

त्याहून नवलाची गोष्ट आपल्याच शरीरात घडते. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि मायलोपेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने हायपोक्लोरस आम्ल तयार करून त्यांचा निकाल लावतात. ब्लीच पाण्यात घातल्यावर जंतूंवर तुटून पडते ते हेच आम्ल. बाटलीतले हत्यार माणसाच्या रक्तात आधीपासूनच होते.

एवढी ताकद असूनही घरातली दोनच कामे ब्लीचला नीट जमतात: रंग उडवणे आणि जंतू मारणे. ओट्यावरचे तेल, बाथरूममधला साबणाचा राप, बोअरच्या पाण्याने नळावर धरलेला पांढरा थर यांच्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. तरीही फरशी पांढरी दिसू लागली की ती स्वच्छ झाली असे आपण धरून चालतो, आणि मग जिथे तिथे ब्लीच ओतले जाते.

कुरणावरचे कापड

अठराव्या शतकापर्यंत युरोपात तागाचे कापड पांढरे करायचे म्हणजे महिनोन् महिने चालणारे काम होते. कापड राखेच्या क्षारात उकळायचे, कुरणावर उन्हात पसरायचे, आंबलेल्या ताकात भिजवायचे आणि पुन्हा पसरायचे. गुंतलेले भांडवल आणि अडलेली जमीन, दोन्ही कारखानदारांना जड जात होते.

१७७४ साली स्वीडनचा औषधनिर्माता कार्ल विल्हेल्म शेले याने मँगनीजच्या खनिजावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून क्लोरीन मिळवला. या वायूने फुला-पानांचे रंग उडतात, हे त्याने टिपून ठेवले. १७८५च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद लुई बर्तोले याने हा गुण कापडासाठी वापरून दाखवला, आणि पॅरिसजवळच्या जावेल गावच्या कारखान्यातून ‘जावेलचे पाणी’ बाजारात आले. पण पाण्याची ने-आण अवघड होती. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून कोरडी पावडर बनवली आणि तिचे पेटंट घेतले. तीच ब्लीचिंग पावडर. महिन्यांचे काम दिवसांवर आले आणि कुरणे मोकळी झाली.

व्हिएन्नाचे प्रसूतिगृह

रंग उडवणारे हे रसायन जीवही वाचवते, हे जंतूंचा सिद्धांत मान्य होण्याच्या आधीच दिसून आले. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले, की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासायला येतात. प्रेताचा वास हातावरून जावा म्हणून त्यांनी मे १८४७पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास उतरले. सेमेलवाइस वासाच्या मागे लागले होते. मेले ते जंतू.

विहिरीत उतरणारी बादली

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हीच ब्लीचिंग पावडर ‘टीसीएल’ या नावाने ओळखली जाते. पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या हाती तिचे पोते असते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपयोगी पडण्याजोगा असतो, आणि १००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पावडर पुरते. समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर आहे आणि तिच्यात ३ मीटर पाणी आहे. म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर पाणी. त्याला लागेल फार तर ९५ ग्रॅम पावडर. एवढ्या अफाट पाण्याला जेमतेम मूठ-दोन मूठ!

ती मूठ थेट विहिरीत फेकायची नसते. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवायचे. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हिंदकळवायची. चुना पाण्यात गेला तर पाणी जड होते, म्हणून तो बाहेर टाकायचा. तासभर थांबायचे. मग परीक्षानळीत ओटी (ऑर्थोटोलिडिन) या द्रावणाचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का, ते पाहायचे. पिवळे झाले तर जंतू मारूनही थोडा क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे.

डाग जातो कुठे?

रंगाच्या रेणूत कार्बनच्या अणूंची एक खास साखळी असते, आणि तिच्यामुळेच तो प्रकाशातला ठरावीक भाग शोषतो. हायपोक्लोराइट ही साखळी तोडते. रेणूचे तुकडे बऱ्याचदा कापडावरच राहतात, फक्त ते आता डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ब्लीच केलेला कपडा नंतर साबणाने धुवावाच लागतो.

जंतूंची गत निराळी. मिशिगन विद्यापीठातल्या उर्सुला याकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले, की हायपोक्लोराइटमुळे जिवाणूतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंतून गोळा होतात, उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक थिजतो तशी. मोडलेल्या प्रथिनांवर जिवाणू जगू शकत नाही.

पण हे रसायन आपला-परका ओळखत नाही. उष्ट्याचा कण, रक्त, ओकारी, चिखल, जे आधी भेटेल त्याच्यावर ते खर्ची पडते. घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीतच संपते आणि जंतू खाली सुखरूप राहतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी साबणाने धुणे, मग ब्लीच.

बाटली घरात आणल्यावर

घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील, संडास किंवा मोरी निर्जंतुक करायची असेल, तर ब्लीचला तोड नाही. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर हाताला लावायचे अल्कोहोलचे सॅनिटायझर नीट चालत नाही, तिथेही ते कामी येते. फरशीसारख्या पृष्ठभागाला ०.१ टक्के द्रावण पुरते. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर २० मिलिलिटर ब्लीच, म्हणजे चहाचे चार चमचे, आणि वर पाणी घालून १ लिटर. पाणी थंडच हवे, कारण उष्णतेने हायपोक्लोराइटचा जोर जातो. फरशी दहा मिनिटे ओली राहू द्यावी, मग साध्या पाण्याने पुसून घ्यावी. द्रावण रोज ताजे करावे. मूळ बाटलीही ऊन आणि उकाडा यांपासून दूर ठेवावी. ती अपारदर्शक असते ती उगीच नव्हे.

हे द्रावण फडक्याने पुसायचे, फवारायचे नाही, आणि माणसाच्या अंगावर तर मुळीच नाही. मार्च २०२०मध्ये उत्तर प्रदेशातल्या बरेलीत गावी परतलेल्या मजुरांवर ते फवारले गेले, तेव्हा देशभर संताप उसळला. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असे स्पष्ट बजावले.

काही वस्तूंना ब्लीच अजिबात सोसत नाही. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे, ते त्यात विरघळू लागतात. पैठणी किंवा शालीजवळ ही बाटली नेऊच नये. स्टीलवर बारीक खड्डे पडतात. लोखंडाच्या गंजाचा डाग ब्लीचने आणखी पक्का होतो.

कशातही मिसळू नये

बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ‘दोन्ही टाकले की दुप्पट स्वच्छ’ अशा समजुतीने संडासात त्यावर ब्लीच ओतले, की आम्ल हायपोक्लोराइटमधून क्लोरीन वायू मोकळा करते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडलेला वायू हाच होता. व्हिनेगर आणि लिंबू यांनीही तेच घडते. अमोनिया असलेल्या काचा पुसायच्या पाण्याबरोबर क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. तरणतलावावर ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तोही पुष्कळसा या क्लोरामाइनचाच असतो, आणि घाम व लघवी पाण्यात मिसळल्याने तो वाढतो.

डोळे चुरचुरू लागले, खोकला आला, छाती आवळली, तर झाडपूस तिथेच सोडून मोकळ्या हवेत यावे. श्वासाचा त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठावा. बंद बाथरूममध्ये ‘एवढे संपवून येते’ म्हणत थांबणे जिवावर बेतू शकते.

मळ ओळखून औषध

घरातला बराचसा मळ ब्लीचच्या वाट्याचा नसतोच. तेल-तुपाचा चिकटा अल्कलीने सुटतो. एक्झॉस्ट पंख्याची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवली की चरबीचा काही भाग साबणात बदलतो आणि उरलेला सैल पडतो. चुलीच्या राखेने भांडी निघत त्यामागेही राखेतला पोटॅशियम कार्बोनेट हा क्षारच होता. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नये, ते काळे पडते.

नळावरचा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्याला आम्ल लागते. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास नळाला गुंडाळले की थर फसफसत सुटतो. समई आणि तांब्या चिंचेने उजळतात, कारण चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवते. पण जमीन शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरी असेल तर आम्लाला हात लावू नये. हे दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचेच असल्याने नळाच्या थराबरोबर फरशीही झिजते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून होणारा फेसही फसवा असतो. दोघे एकमेकांना मारतात आणि उरते जवळजवळ खारे पाणी.

पांढऱ्या सुती कपड्यांसाठी ऑक्सिजनवर चालणारे ब्लीच आहे. सोडियम परकार्बोनेट ही पांढरी भुकटी गरम पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा यांत मोकळी होते, आणि पेरॉक्साइडचे पुढे पाणी व ऑक्सिजन होतात. घामाने पिवळ्या पडलेल्या बनियनवर आणि चहाच्या डागावर ती छान चालते. अल्कलीयुक्त असल्याने रेशमाला आणि लोकरीला तीही वर्ज्य. नीळ यापेक्षा वेगळी: ती काहीच काढत नाही, पिवळटपणावर निळी छटा चढवून डोळ्यांना चकवते.

आणि मग हळद. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो, त्यावर साबण लावला की तो एकाएकी लालभडक होतो. हळदीतले कुरकुमिन अल्कलीत लाल होते. मुरगळलेल्या पायाला लावायचा हळद-चुन्याचा लेप लाल होतो तोही याच कारणाने. घाबरून ब्लीच ओतायची गरज नाही. साबणाने तेल काढून टाकावे, खळबळून लाली घालवावी आणि सदरा ओलाच कडक उन्हात वाळत घालावा. उन्हात कुरकुमिनचा रेणू टिकत नाही. एक-दोन दिवसांत डाग फिका पडतो आणि कापडाचा धागा शाबूत राहतो.

भांडी पुसायचे फडके दहा मिनिटे उकळले तरी निर्जंतुक होते, त्याला रसायन कशाला? व्हिनेगर आणि लिंबू मात्र जंतुनाशक म्हणून भरवशाचे नाहीत. आजारी माणसाच्या संडासासाठी त्यांच्यावर विसंबणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे. एरवी रोजच्या धुण्या-पुसण्याला साबण, सोडा, चिंच आणि ऊन पुरेसे आहे. ब्लीचची बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर, आम्लाच्या बाटलीपासून लांब ठेवावी. वर्षातून चार-दोनदाच ती खाली काढावी लागत असेल, तर तुमच्या घरात तिचा वापर योग्य होतो आहे.