बिरड्याचा सण : शोक कशासाठी करायचा?

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ ‘शआर हाशामाइम’ नावाचे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ‘स्वर्गाचे द्वार’ असा त्या हिब्रू नावाचा अर्थ. ते १८७९ साली बांधले गेले. तेथे येणारे बहुतेक लोक बेने इस्राएल. मराठी ही त्यांची मातृभाषा. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरून पडलेली. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. मी मानपाड्याला राहतो. आमच्याकडे अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलांना ‘ज्यू’ म्हटले की हिटलर आठवतो, नाहीतर इस्रायलचे लष्कर. आपल्याच शहरात मराठीतून घर चालवणारा हा समाज त्यांना ठाऊक नसतो. या समाजाच्या एका उपवासाविषयी लिहावे असे वाटले, कारण त्यातून आपल्यालाही काही प्रश्न पडण्यासारखे आहेत.

ज्यू पंचांगातील आव महिन्याची नववी तिथी म्हणजे ‘तिशा बेआव’. ती जुलै-ऑगस्टमध्ये येते. बेने इस्राएलांमध्ये तिचे जुने मराठी नाव ‘बिरड्याचा सण’. शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून वालाचे बिरडे. दिवस दुःखाचा आणि नाव सणाचे. पण कोकणातल्या माणसाने धर्माची तिथी आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूने लक्षात ठेवली, यात नवल नाही.

या दिवसाचे कारण असे. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवान करून नेले. पुढे मंदिर पुन्हा उभे राहिले. ते इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने जाळले. दोन्ही घटना परंपरेने याच तिथीशी जोडल्या. इ. स. १३५ च्या सुमारास रोमनांविरुद्धचे शेवटचे मोठे बंड बेतार येथे चिरडले गेले, तेही याच तिथीस जोडले. १२९० साली इंग्लंडच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम याच दिवशी काढला. १४९२ साली स्पेनमधून झालेल्या हकालपट्टीची आठवणही याच दिवसात मिसळली. प्रत्येक पिढीने आपले दुःख या एका तिथीच्या ओटीत टाकले.

शोकाचा काळ तीन आठवड्यांचा. तम्मुज महिन्याच्या सतराव्या तिथीला शहराच्या तटाला खिंडार पडले, तेव्हापासून तो सुरू होतो. या काळात लग्न नाही, वाजंत्री नाही. शेवटचे नऊ दिवस मांस आणि द्राक्षारस वर्ज्य. नवमीला सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, अन्न नाही, पाणीही नाही. आंघोळ नाही, अंगाला तेल नाही, चामड्याचे जोडे नाहीत, स्त्रीपुरुषांचा संग नाही. मंदिरात दिवे मंद करतात आणि लोक जमिनीवर बसून यिर्मयाच्या नावावर असलेले विलापगीत वाचतात. एरवी धर्मग्रंथाचा अभ्यास हे पुण्य. त्या दिवशी तेही बंद, कारण अभ्यासात आनंद असतो. माणसे एकमेकांना नमस्कारसुद्धा करीत नाहीत. घरात मयत झाल्यावर जसे वागतात तसे अख्खा समाज वागतो.

एवढेच असते तर हा एक धार्मिक विधी म्हणून सोडून देता आला असता. परंतु मंदिर का पडले, हा प्रश्न ज्यू परंपरेने स्वतःलाच विचारला. तिच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, तालमुदात, उत्तर दिले आहे : पहिले मंदिर मूर्तिपूजा, व्यभिचार आणि रक्तपातामुळे पडले, दुसरे पडले तेव्हा लोक धर्म पाळीत होते, अभ्यास करीत होते, पण एकमेकांचा अकारण द्वेष करीत होते.

त्यासाठी तालमुद एका पंगतीची गोष्ट सांगतो. यरुशलेममधील एका श्रीमंताने आपल्या कामचा नावाच्या मित्राला जेवणाला बोलावले. नोकर चुकून बार कामचाला घेऊन आला. तो यजमानाचा वैरी. यजमान म्हणाला, ऊठ, चालता हो. बार कामचाने विनवले : आलोच आहे तर बसू दे, मी खाल्ल्या-प्यायल्याचे पैसे देतो. यजमान नाही म्हणाला. अर्ध्या मेजवानीचा खर्च देतो. नाही. सगळ्या मेजवानीचा देतो. तरीही नाही. यजमानाने त्याला हाताला धरून बाहेर काढले. पंगतीत धर्मपंडित बसले होते. ते गप्प राहिले. बार कामचाने मनाशी ठरवले की ज्याअर्थी हे गप्प आहेत त्याअर्थी यांनाही हे मान्य आहे. तो रोमनांकडे गेला आणि पुढे शहर जळाले.

पंगतीतून उठवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पैसे देऊनही हॉटेलातला कप वेगळा मिळे, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. म्हणून गोष्टीतला मार्मिक भाग माझ्या मते पंडितांचे मौन हा आहे. गोष्ट रचणारे स्वतः पंडितच होते आणि त्यांनी आपल्याच वर्गाला आरोपी केले.

येथे आपला वाचक आक्षेप घेईल. पिडलेल्या माणसाला ‘हे तुझ्याच पापाचे फळ’ म्हणणे हाच तर कर्मविपाकाचा डाव आहे. आक्षेप रास्त आहे, आणि ज्यू प्रार्थनेतही ‘आमच्या पापांमुळे आम्ही देशोधडीला लागलो’ असा सूर आहे. तो मला पटत नाही. जाळणारे हात रोमनांचे होते हे विसरून चालणार नाही. पण फरकही पाहिला पाहिजे. कर्मविपाक गेल्या जन्मीचे पाप दाखवतो. ते कोणी पाहिलेले नसते आणि दुरुस्तही करता येत नाही. पंगतीच्या गोष्टीतले पाप याच जन्मीचे, डोळ्यांदेखतचे आहे, आणि ते अपमानिताच्या माथी न मारता यजमानाच्या आणि गप्प बसणाऱ्यांच्या माथी मारले आहे. म्हणूनच ते सुधारता येते. बाबिलोनहून परतलेल्या लोकांनी विचारले होते की पाचव्या महिन्यातला शोक पुढेही पाळायचा का? जखऱ्या संदेष्ट्याने उलट विचारले, तुम्ही उपास केलात तो कोणासाठी? मग सांगितले : खरा न्याय करा, विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांना छळू नका.

हा धडा ज्यू समाजाला तरी पचला का? पुरता नाही. बेने इस्राएलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यांच्या आजी-पणजी ज्यूबाह्य मानल्या गेल्या ते काळे. गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. कोचीनच्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना बरोबरीने बसू देत नसत. त्याविरुद्ध त्यांच्यातलेच वकील ए. बी. सालेम सत्याग्रहाच्या मार्गाने लढले. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांवर तेथील धर्मपीठाने १९६० नंतरच्या वर्षांत वंशाची चौकशी लावली. ‘तुम्ही खरे ज्यू का?’ असा प्रश्न त्यांना झाला. त्यांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. आणि १९४८ साली ज्यूंना राज्य मिळाले तेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. दुःख भोगल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आपल्याही पंचांगात जुलै महिना आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झाले. आज महाविद्यालयात असलेल्या मुलांना यातले किती माहीत आहे? आपण सहा डिसेंबरला लाखोंनी चैत्यभूमीवर जातो, ते आपले बळ आहे. परंतु बाकीच्या तारखा त्या त्या वस्तीपुरत्या उरल्या आहेत. विखुरलेले दुःख एका दिवसात गोळा करणे, जमिनीवर बसून नावे वाचणे, पोरांना त्यात बसवणे ही ज्यूंची रीत घेण्यासारखी आहे. त्यासाठी देव लागत नाही, उपवासही लागत नाही.

मात्र नुसती नावे वाचून भागणार नाही. कोणी मारले, हा पहिला प्रश्न. त्या वेळी पंगतीत कोण गप्प बसले होते, हा दुसरा. आणि आपल्या पंगतीत आपण कोणाला बसू देत नाही, हा तिसरा. पोटजातींतल्या सोयरिकी, बौद्ध आणि मातंग वस्त्यांमधले अंतर, घरातल्या बाईचे ताट शेवटी वाढणे, हे या तिसऱ्या प्रश्नात येते. पहिला प्रश्न आपण मोठ्याने विचारतो, आणि विचारलाच पाहिजे. उरलेले दोन ज्या सभेत विचारले जातील, ती सभा मी शोकसभा मानीन.