मायक्रोकंट्रोलर-आधारित डेटा लॉगरसाठी मेमरीची निवड : नागपूरच्या उन्हाळी तापमान-नोंदींच्या संदर्भात

प्रास्ताविक

दिनांक ३० मे २०२४ रोजी नागपूरमधील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले. शहरातील अन्य दोन केंद्रांवर त्या दिवशी सुमारे ४४ अंश तापमान होते. संवेदकातील दोषामुळे ही नोंद झाल्याचे भारतीय हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. अशी शहानिशा शेजारच्या नोंदी शाबूत असल्या तरच शक्य होते. संवेदकाची चूक मागाहून शोधता येते. साठविलीच न गेलेली नोंद मात्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. तथापि, महाविद्यालयीन प्रकल्पांत संवेदकाची चर्चा पुष्कळ होते आणि मेमरी हाताशी असेल ती जोडली जाते, असे दिसते.

जागेचे गणित

दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला १४४ नोंदी होतात. वेळेसाठी ४, तापमानासाठी २ व आर्द्रतेसाठी २ असे ८ बाइट धरल्यास दिवसाला १,१५२ बाइट लागतात. ३२ किलोबाइटची २४सी२५६ ही परिचित ईईप्रॉम चिप त्या हिशेबाने २८ दिवसांत भरते. म्हणजे नेमका मे महिना तीत मावत नाही. एप्रिल ते जून या ९१ दिवसांना १,०४,८३२ बाइट लागतात व १२८ किलोबाइटच्या चिपमध्ये ते सहज बसतात. एवढ्या कामासाठी कित्येक गिगाबाइटचे एसडी कार्ड जोडणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी विहीर खणणे होय.

वीज जाते तेव्हा

खरा प्रश्न जागेचा नसून, नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर काय होते, हा आहे. ईईप्रॉमला एक पान लिहिण्यास जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात. परिपथ १० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा दाब तेवढ्या वेळात केवळ ०.०५ व्होल्टने उतरतो व चालू नोंद पूर्ण होते. एसडी कार्ड लिहिताना सुमारे १०० मिलिअँपिअर घेऊ शकते आणि मानकानुसार त्याला २५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याच कपॅसिटरवर हा हिशेब २५ व्होल्टच्या घसरणीचा होतो. अर्थात ते अशक्यच आहे. शिवाय फाइल-रचनेचा तक्ता अर्धवट राहिल्यास एक नोंद नव्हे, संपूर्ण फाइल वाचता न येण्याचा धोका असतो. कार्डाचा ५१२ बाइटचा खंड एटी८९एस५२ च्या २५६ बाइट अंतर्गत रॅममध्ये मावतही नाही, ही आणखी एक अडचण. कार्ड काढून थेट संगणकात घालता येते, ही सोय मात्र मान्य केली पाहिजे.

एफ-रॅममध्ये लेखनाचा विलंब जवळजवळ नसतो व झीज नगण्य असते; परंतु प्रति बाइट किंमत अधिक पडते. सिरियल फ्लॅश स्वस्त व विस्तीर्ण असते, मात्र पुनर्लेखनापूर्वी सामान्यतः ४ किलोबाइटचा विभाग एकदम पुसावा लागतो. सेकंदाला एक नोंद हवी असल्यास तिचा विचार करावा. दहा मिनिटांच्या नोंदींसाठी प्रस्तुत लेखकाचा कौल ईईप्रॉमलाच आहे.

उष्णता

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. हे सावलीतील हवेचे तापमान. गच्चीवरील बंद पत्र्याच्या पेटीत ते याहून बरेच वाढते. म्हणून ० ते ७० अंशांच्या व्यापारी श्रेणीऐवजी उणे ४० ते ८५ अंशांची औद्योगिक श्रेणी घ्यावी. साठविलेली माहिती टिकण्याचा काळही तापमानाबरोबर घटतो.

लेखनपद्धती

चिप योग्य असूनही दोन चुका घडतात. पुढील नोंदीचा पत्ता प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी लिहिल्यास त्या ठिकाणी वर्षाला ५२,५६० लेखने होतात. एक लाख लेखनांची हमी असलेल्या चिपची ती जागा दोन वर्षांच्या आतच हमीची मर्यादा ओलांडते, बाकी चिप कोरीकरकरीत असताना! त्याऐवजी उपकरण सुरू होताना पहिली कोरी नोंद शोधावी. ४०० किलोहर्ट्झ गतीने १२८ किलोबाइट वाचण्यास सुमारे तीन सेकंद पुरतात. दुसरी चूक पानाच्या सीमेची. २४सी२५६ चे पान ६४ बाइटचे असते. एकाच लेखनात ही सीमा ओलांडली गेल्यास उरलेले बाइट पुढील पानावर न जाता त्याच पानाच्या आरंभी, जुन्या नोंदीवर, लिहिले जातात. आठ बाइटच्या नोंदीने ६४ ला निःशेष भाग जातो. सात बाइटची नोंद केल्यास दहावी नोंद सीमेवर तुटते.