मुंढव्याचा क्रँकशाफ्ट आणि आयातशुल्काची भिंत

पोलादाचा दांडा भट्टीतून बाहेर येतो तेव्हा त्याचं तापमान बाराशे अंशांच्या आसपास असतं. रंग पिवळट नारिंगी, आणि अंगावरची खपली तडतडत सुटत असते. साच्याच्या, म्हणजे डायच्या, खालच्या अर्ध्या भागावर तो ठेवला जातो, वरचा अर्धा भाग खाली येतो. मग पुढचा डाय, पुन्हा एक दाब. काही सेकंदांत दांड्याच्या जागी इंजिनात फिरणारा वळणावळणाचा क्रँकशाफ्ट असतो. डायच्या फटीतून बाहेर आलेलं जादा पोलाद, म्हणजे फ्लॅश, त्याच्या कडेनं अजून लाल असतं. पुढच्या प्रेसवर ते कापलं जातं आणि जॉब पुढे सरकतो.

हे घडतं पुण्यात, हडपसरच्या शेजारी, मुंढव्यात. नीलकंठराव कल्याणींनी १९६१ साली भारत फोर्जची स्थापना केली, १९६६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आज मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारतींमधून मुंढव्याकडे जाणाऱ्या माणसाला डाव्याउजव्या बाजूला फ्लॅटच्या जाहिराती दिसतात. जवळच कुठेतरी १६,००० टनांचा प्रेस चालतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. सोळा हजार टन म्हणजे किती? पुण्याहून सुटणाऱ्या गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ जातीचं विजेचं इंजिन १२३ टनांचं असतं. तशी १३० इंजिनं एकावर एक रचून त्यांचा सगळा भार एका डायवर टाकावा, एवढा तो दाब.

आणि एवढा दाब कशासाठी, हे तर त्याहून नवलाचं आहे. क्रँकशाफ्ट जाड दांड्यातून कोरूनही काढता येईल. मशीनवर तो हुबेहूब तसाच दिसेल, पण टिकणार नाही. पोलाद वरून एकसंध दिसलं तरी दांडा लाटला जाताना त्याच्या पोटातली रचना लांबीच्या दिशेनं ताणली जाते आणि आत तंतू तयार होतात. कोरताना हे तंतू प्रत्येक वळणावर तुटतात. डायमध्ये दाबताना मात्र ते न तुटता वळणाबरोबर वळतात. फोर्जिंगच्या प्रयोगशाळेत असा एक भाग मधोमध कापून, आरशासारखा घासून आम्लात धरला, की काही वेळानं त्यावर बारीक रेषा उमटू लागतात. प्रत्येक रेषा क्रँकशाफ्टच्या कोपऱ्याला लगटून वळलेली असते. मिनिटाला १,८०० फेरे घेणाऱ्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनात सेकंदाला ९० स्फोट होतात. ट्रकच्या आयुष्यभर, लाखो किलोमीटर, ते सगळे धक्के या रेषा झेलतात. कुठेतरी अमेरिकेतल्या महामार्गावर रात्रभर धावणाऱ्या ट्रकच्या पोटात मुंढव्यात वळलेली ही रेष असते, ही गोष्ट मला कितीही वेळा ऐकली तरी जुनी वाटत नाही.

‘गाड्यांचे कारखाने परदेशात चालले’ ही ओरड अमेरिकेत चाळीसेक वर्षं ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटतं, एक अख्खा कारखाना उचलला आणि दुसऱ्या देशात ठेवला. खरं स्थलांतर असं क्वचित होतं. गाडीत हजारो सुटे भाग असतात, आणि एकेक भाग आपापल्या वाटेनं देश सोडतो. आधी जातात तापाची, धुराची, घामाची कामं: ओतकाम आणि फोर्जिंग. नंतर मशीनिंग. जुळणी बरीच मागाहून जाते, कधी जातच नाही. म्हणून अमेरिकेत बनलेल्या गाडीचा क्रँकशाफ्ट पुण्याचा आणि वायरिंग मेक्सिकोचं असू शकतं. मग ती गाडी कुठली?

या प्रश्नाचं उत्तर सरकारांना आकड्यांत द्यावं लागतं, कारण त्यावर कर ठरतो. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा नवा करार १ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार गाडीच्या किमतीतला ७५ टक्के वाटा या तीन देशांतला असेल, तरच ती शुल्काशिवाय सीमा ओलांडते. जुन्या करारात हाच वाटा ६२.५ टक्के होता. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल यांसारखे मुख्य भागही तिथलेच लागतात. शिवाय किमतीतला ४० ते ४५ टक्के हिस्सा तासाला सरासरी किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून आलेला हवा. व्यापार कराराच्या मसुद्यात कामगाराचा तासाचा पगार लिहिलेला! मेक्सिकोतल्या स्वस्त मजुरीकडे काम वाहू नये म्हणून घातलेला हा बांध.

आपल्याकडचा कस्टम्सचा एक नियमही असाच आहे. एखादी वस्तू सुटी करून पेट्यांत भरून आणली, तरी तिच्यात पूर्ण वस्तूचं रूप असेल तर ती पूर्ण वस्तूच धरायची, असं जगभरच्या वर्गीकरणाचं सूत्र सांगतं. सप्टेंबर २०२४ मध्ये चाकण आणि शेंद्रा इथे कारखाने असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला १.४ अब्ज डॉलरची करनोटीस आली, ती नेमकी याच मुद्द्यावर. जुळणीचा संच म्हणून आणलं तर ३० ते ३५ टक्के शुल्क, सुटे भाग म्हणून आणले तर ५ ते १५. कंपनीनं हा दावा अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. पेटीत काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. वाद होता तो पेटीतल्या भागांची बेरीज गाडी होते का, यावर.

महाराष्ट्रानं आयातशुल्काच्या या भिंतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, आणि एकाच कंपनीच्या गोष्टीतून पाहिल्या आहेत. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. भाग बाहेरून यायचे, इथे फक्त जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनचा १९५३ चा अहवाल आला आणि सरकारनं ठरवलं, की टप्प्याटप्प्यानं भाग इथेच बनवण्याची योजना असेल तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. १९५४ मध्ये शिवडीचं काम थांबलं. तीच कंपनी २००८ साली तळेगावात आली. या वेळी देशातल्या ग्राहकानं साथ दिली नाही. २०१७ अखेर कंपनीनं भारतातली विक्री बंद केली आणि तळेगावच्या शेवरोले बीट मेक्सिकोसारख्या देशांत जाऊ लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये तेही संपलं. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं जानेवारी २०२० मध्ये ठरलं होतं. पण त्याच एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची आगाऊ परवानगी सक्तीची झाली. ती मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्यावर सौदा बारगळला. २०२३ मध्ये कारखाना ह्युंदाईनं घेतला. मधल्या काळात यंत्रं नुसती उभी होती आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. व्यापार धोरणाच्या चर्चेत यंत्रं, टक्के आणि तारखा सहज येतात. घराचा हप्ता थकलेला ऑपरेटर त्यात येत नाही, मग ते तळेगाव असो की मिशिगन, आणि ही उणीव मला फार खुपते.

अख्खा कारखाना उचलून नेल्याचं एक खरं उदाहरण मात्र आहे, आणि ते पुण्याचंच. ऑस्ट्रेलियात ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गाड्यांवर ५७.५ टक्के आयातशुल्क होतं. सरकारनं ते टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरवलं आणि २००० सालापर्यंत ते १५ टक्क्यांवर आणलं. भिंत उतरू लागली तशी निसाननं १९९२ मध्ये मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातला कारखाना बंद केला. इकडे रतन टाटांच्या टेल्कोला भारतीय बनावटीची मोटार काढायची होती आणि नव्या असेम्ब्ली लाइनचा खर्च झेपणारा नव्हता. टेल्कोच्या इंजिनिअरांनी क्लेटनची बंद पडलेली लाइन खोलली, प्रत्येक तुकड्यावर खूण केली, बोटींनी भारतात आणली आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पुन्हा उभी केली. त्यावरून इंडिका उतरली. ३० डिसेंबर १९९८ ला ती बाजारात आली आणि आठवड्याभरात १,१५,००० लोकांनी पूर्ण पैसे भरून नोंदणी केली. पाच वर्षांत, २००३ मध्ये, पुण्याची हीच गाडी ‘सिटीरोव्हर’ या नावानं ब्रिटनमध्ये विकली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियानं टाकून दिलेल्या यंत्रांवर पुण्यात बनलेली गाडी इंग्रज नावाचा बिल्ला लावून लंडनच्या रस्त्यावर! ती विकणारी रोव्हर कंपनी २००५ च्या एप्रिलमध्ये कोसळली आणि ते प्रकरण मिटलं. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१७ मध्ये टोयोटा आणि पाठोपाठ होल्डन यांची शेवटची गाडी निघाली. आज तिथे मोठ्या कंपनीची मोटार बनत नाही.

इंडिकाची लाइन विकत आली, पण तिला भाग पुरवणारे व्हेंडर बोटीतून आले नव्हते. भोसरी, चिंचवड, हडपसर इथल्या शेडांमध्ये ते आधीपासून घडत होते. त्यात १९५३ च्या त्या निर्णयाचा हात आहे, आणि त्यांच्या पुढच्या वाढीत १९९७ च्या धोरणाचाही. त्या वर्षी सरकारनं परदेशी कंपन्यांवर अट घातली: तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग भारतातले हवेत. अमेरिका आणि युरोपनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि डिसेंबर २००१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. तोवर बीज रुजलं होतं. माझं मत विचाराल तर भिंतीनं आपल्याला शिकायला उसंत दिली, हे मान्य करायला हवं. त्याच भिंतीआड तीस-पस्तीस वर्षं तीच ती मॉडेलं रस्त्यावर राहिली, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागला, हेही तितकंच खरं. मुंढव्याची झेप भिंतीआड बसून लागलेली नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारत फोर्जच्या बाबा कल्याणींनी जर्मनीहून स्वयंचलित प्रेस लाइन आणायचं ठरवलं आणि हातोड्यावरच्या अंगमेहनतीच्या जागी इंजिनिअर उभे केले, ते परदेशी गिऱ्हाइकाच्या मापाला उतरण्यासाठी. २००४ मध्ये तर या कंपनीनं जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही जुनी फोर्जिंग कंपनी विकत घेतली.

आता अमेरिका भिंत बांधते आहे. ३ एप्रिल २०२५ पासून आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क आलं, ३ मेपासून मोटारींच्या सुट्या भागांवर. त्या वर्षी ऑगस्टअखेर बहुतेक भारतीय मालावरचं शुल्क काही काळ ५० टक्क्यांवर गेलं, आणि १ नोव्हेंबरपासून मध्यम व अवजड ट्रक आणि त्यांचे भाग यांवर २५ टक्के बसले. हे पैसे मुंढव्याहून थेट अमेरिकी तिजोरीत जात नाहीत. माल सोडवून घेणारा तिथला आयातदार ते भरतो. १०० डॉलरचा भाग त्याला १२५ ला पडतो, आणि मग घासाघीस सुरू होते: थोडं पुरवठादारानं सोसायचं, थोडं ट्रकवाल्या कंपनीनं, उरलेलं ट्रक घेणाऱ्यानं.

पुरवठादार बदलावा, तर ते महिन्याभराचं काम नाही. क्रँकशाफ्ट किंवा पुढचा अॅक्सल बीम तुटला तर माणसं मरतात. म्हणून नव्या पुरवठादाराचे नमुने, मोजमापं, धातूच्या चाचण्या, दमवण्याच्या चाचण्या हे सगळं कागदोपत्री पार पडल्यावरच पहिली ऑर्डर निघते. पुण्यातल्या कुठल्याही व्हेंडरच्या शेडमध्ये या मंजुरीचा ‘पीपॅप’ हा शब्द काढून पाहा. त्या एका मंजुरीसाठी जागवलेल्या रात्रींच्या हकिगती ऐकायला मिळतील. शुल्क एका सहीनं लागू होतं, पण ज्या कामासाठी ते लावलं ते काम तिथे उभं राहायला डाय, प्रेस आणि ते चालवणारी माणसं लागतात. त्यांपैकी बरीच माणसं अमेरिकेतल्या फोर्जिंग शॉपमधून आधीच निवृत्त झाली आहेत.

आपणही दुसऱ्याच्या भिंतीवर बोलताना आपली पाहिली पाहिजे. महागड्या परदेशी मोटारींवर भारत १०० टक्क्यांहून जास्त शुल्क घेत आला आहे. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या करारात ते ठरावीक संख्येपुरतं टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर आणायचं ठरलं. ते योग्यच झालं असं मला वाटतं, कारण जगाच्या मापाचा क्रँकशाफ्ट देणाऱ्या शहराला आता तेवढ्या उंच भिंतीची गरज नाही.

दरम्यान काम पुन्हा सरकू लागलं आहे, आणि या वेळी मुंढव्याकडून पलीकडे. भारत फोर्जनं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, सॅनफर्ड इथे कारखाना काढायचं जाहीर केलं. तिथे पोलादाऐवजी अॅल्युमिनियमचं फोर्जिंग होतं. पेट्रोलची असो वा बॅटरीची, गाडी हलकी करायची तर सस्पेन्शनचे भाग अॅल्युमिनियमचे लागतात. बॅटरीवरच्या गाडीत सिलिंडर नसतात, स्फोट नसतात, त्यामुळे क्रँकशाफ्टही नसतो. अवजड ट्रकमध्ये तो अजून बराच काळ फिरत राहील. पण ज्या भागासाठी १६,००० टनांचा प्रेस मुंढव्यात आला, तो भाग मोटारीतून कमी होत जाईल. त्या प्रेसखाली पुढे कोणता जॉब बसवायचा, त्याचे डाय कसे असतील, हे प्रश्न आज हडपसर-मुंढव्याच्या डिझाइन टेबलांवर आहेत, आणि ते भाग कुठल्या देशाचे मानायचे याचे नियम अजून लिहिले जात आहेत.