बालकांवरील आकस्मिक संकटे आणि परिचारिकेची नजर

या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना मी औषधांपेक्षा परिचारिकेचा विचार अधिक केला. बेळगावात बालरुग्णांवर उपचार करताना मला एक गोष्ट पटली: मूल अत्यवस्थ होत आहे हे बहुधा सिस्टरांना आधी कळते, आणि तेवढ्या अवधीवरच पुष्कळदा त्याचे प्राण अवलंबून असतात.

गेल्या तीन दशकांत या संकटांचे स्वरूप पालटले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशात हजार जिवंत जन्मांमागे १०९ बालके पाच वर्षांच्या आत दगावत. २०१९-२१ मध्ये हा आकडा ४२ वर आला. लसीकरणामुळे पोलिओ गेला, नवजात बालकांचा धनुर्वातही आटोक्यात आला. न्यूमोनिया व अतिसार मात्र आहेतच. शिवाय बुडणे, भाजणे, वाहनांचे अपघात आणि चुकून प्यायलेले रॉकेल वा कीटकनाशक यांकडे आता अधिक लक्ष द्यावे लागते.

शुश्रूषेचे सामर्थ्य १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिसले. तेथे पटकीची साथ होती व सलाईन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडावाटे देण्याचे ठरविले. रुग्णांच्या नातलगांनीही ते पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. द्रावण साधे होते. ते घोटाघोटाने, न कंटाळता पाजणारे हात मोलाचे ठरले.

परिचारिकेचे दुसरे साधन म्हणजे सेकंदकाट्याचे घड्याळ. शांत असलेल्या मुलाचे श्वास ती पूर्ण मिनिटभर मोजते. दोन महिन्यांखालील अर्भकात साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर ते धोक्याचे. छाती आत ओढली जाणे, दूध वा पाणी न घेणे, सारखी उलटी, आकडी, गुंगी ही लक्षणे दिसताच ती रांग मोडून मुलाला पुढे घेते.

आमच्या सीमाभागात तिच्यावर आणखी एक जबाबदारी येते. आई मराठीत सांगते, शेजारच्या खाटेवरची कन्नडमध्ये, आणि केसपेपर इंग्रजीत असतो. ‘पोर मलूल झालंय’ या शब्दांतली निकड डॉक्टरांपर्यंत पोहोचविणारी तीच.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच: रुग्णालयासाठी देणगी देताना यंत्रांबरोबर रात्रपाळीत परिचारिका किती असतात, हेही विचारा. यंत्राचा इशारा ऐकून धावणारे कोणी जवळ असेल, तरच त्या यंत्राचा उपयोग.