एका दप्तराची खातेफोड

सातबाऱ्याची ओळख आपल्याला करून द्यावयास नको. दोघा भावांनी सामाईक जमीन वाटून घेतली की मोजणी होते, पोटहिस्सा पडतो, तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद होते. बांध घालायला दोन दिवस पुरतात. पण विहिरीवर पाळी कोणाची, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कोणाच्या हिश्श्यावर, वहिवाटीचा रस्ता कुठून, हे प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालतात. आज सांगणार आहे ती वाटणी जमिनीची नव्हे. संगणकावरच्या एका सामाईक कामाची आहे. पण तिच्यातले प्रश्न ऐकलेत तर म्हणाल, अहो, हे तर आमच्या चावडीवरचेच!

संगणक काम करतो तो लिहून दिलेल्या सूचनांवरून. ह्या मजकुराला कोड म्हणतात. काही कोड कंपन्या कुलपात ठेवतात. काही मात्र सर्वांसाठी खुला असतो. कोणीही वाचावा, सुधारणा सुचवावी, परवान्याच्या अटी पाळून वापरावा. त्याला मुक्त-स्रोत म्हणतात. असा कोड जेथे राहतो ती रिपॉझिटरी. मी तिला दप्तर म्हणतो, कारण तेथे नुसता आजचा मजकूर नसतो; कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि का, ह्याचा प्रत्येक फेरफार तेथे नोंदलेला असतो. हे दप्तर ठेवण्याचे आज सर्वांत रुळलेले साधन म्हणजे गिट. लायनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी ते २००५ साली तयार केले.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली जँगो नावाच्या कामाला सुरुवात झाली. नाव घेतले ते जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाचे. वेबसाइट बांधताना पुनःपुन्हा लागणारी कामे त्यात आयती करून ठेवलेली आहेत. २००५ मध्ये जँगो सर्वांना खुले झाले आणि जगभर पसरले.

ह्या जँगोच्या पोटात ‘लोकलफ्लेवर’ नावाचा एक विभाग होता. एकेका देशाचे स्थानिक नियम त्यात लिहिलेले. आपल्या शाळेच्या प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरावयाचा आहे असे समजा. राज्याचे नाव यादीतून निवडायचे. पिनकोड सहा आकडी आहे ना, हे तपासायचे. कोणी तीन आकड्यांनंतर जागा सोडून लिहिला तर तोही चालवून घ्यायचा. भारताचे असे नियम ज्या कप्प्यात ठेवले, त्याच्या नावाचीही गंमत आहे. भारताची खूण ‘इन’ ही दोन अक्षरे. पण ज्या पायथन भाषेत जँगो लिहिले आहे, तिच्यात ‘इन’ हा शब्द राखीव आहे. म्हणून नावाच्या मागे एक आडवी रेघ ओढून वेळ भागवली! आइसलंडच्या ‘इझ’चीही तीच गत.

अडचण कोठे आली? देशांची संख्या वाढत गेली आणि मुख्य मंडळींना त्या सर्वांचे नियम ठाऊक असणे शक्य नव्हते. ओरिसाचे नाव २०११ मध्ये ओडिशा झाले. २ जून २०१४ रोजी तेलंगणा निर्माण झाले. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले. एका देशाच्या एका यादीतच इतकी उलथापालथ! आणि त्या यादीतली एक ओळ दुरुस्त करायची तर सगळ्या जँगोची पुढची आवृत्ती निघेपर्यंत वाट पाहावयाची. हे म्हणजे एका शाळेचा फळा रंगवायला जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाची वाट पाहण्यासारखे झाले.

म्हणून वाटणी ठरली. फेब्रुवारी २०१३ मधल्या १.५ ह्या आवृत्तीबरोबर सूचना दिली गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.६ मधून हा विभाग काढला. एरवी दोन आवृत्त्यांची मुदत देतात. येथे एकाच आवृत्तीची दिली. ही घाई मला थोडी खटकते.

आरंभी प्रत्येक देशाला स्वतंत्र चूल दिली. पुढे ती सारी दप्तरे पुन्हा एकत्र करून ‘जँगो-लोकलफ्लेवर’ हे एकच वेगळे दप्तर केले. हे मला शहाणपणाचे वाटते. एकट्या माणसाच्या भरवशावरचे दप्तर, तो माणूस नोकरीत किंवा संसारात गुंतला की ओस पडते. वापरणारे शेकडो असोत, राखणारा कोणी नाही, अशी अवस्था होते.

दप्तर वेगळे काढायचे कसे, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. आजचा मजकूर तेवढा उतरवून घ्यावा, हा सोपा मार्ग. पण मग ही ओळ कोणी लिहिली, का लिहिली, हा इतिहास जुन्या घरी राहतो. दुसरा मार्ग, इतिहासासह उचलण्याचा. ‘गिट फिल्टर-रेपो’सारखी साधने एका कप्प्याशी संबंधित तेवढेच फेरफार गाळून नवे दप्तर बनवतात. मात्र गिटमध्ये प्रत्येक नोंदीचा क्रमांक तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढलेला असतो. आधीच्या नोंदी गाळल्या की पुढचे क्रमांक बदलतात. जुन्या पत्रव्यवहारात दिलेला क्रमांक मग नव्या दप्तरात सापडत नाही. म्हणून जुने दप्तर मोडायचे नसते, आणि नव्याच्या पहिल्या पानावर ‘मूळ अमुक ठिकाणचे’ असे लिहून ठेवायचे असते. कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूरही बरोबर न्यावा लागतो. जँगोच्या परवान्याची तशी अटच आहे.

आणि वापरणाऱ्याचे काय? त्याला दोनच गोष्टी करावयाच्या होत्या: नवे पॅकेज बसवणे, आणि आपल्या कोडमध्ये जुना पत्ता होता तेथे नवा घालणे. साठवलेली माहिती होती तशीच राहते. पण ज्याने सूचना वाचली नाही आणि नवी आवृत्ती चढवली, त्याची वेबसाइट त्या एका ओळीपाशी अडली. साइट बांधणारा गाव सोडून गेलेला, सांभाळणारा नवखा, आणि प्रवेशाचे दिवस! अशा वेळी तो बिचारा राज्यांची यादी कोठे गेली म्हणून शोधत बसणार.

भारताचा कप्पा आज त्या वेगळ्या दप्तरात आहे, आणि त्याच्या नावामागची आडवी रेघही तशीच आहे. आपल्यापैकी एखाद्या शिक्षकाला त्या यादीत प्रदेशाच्या नावाची चूक आढळली, तर ती कळवायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. नाव, बरोबर रूप, आणि ज्या राजपत्रात ते आले त्याचा दाखला, एवढे लिहून पाठवले की दप्तर राखणारे ते पडताळून पाहू शकतात.