कोड, मेलॅनोमा आणि ‘वाढवायची’ प्रतिकारशक्ती

आपलं कोण आणि परकं कोण, हे टी-पेशी थायमस ग्रंथीत कशा शिकतात, ते गेल्या भागात पाहिलं. त्या शिकवणीच्या अगदी सीमेवरचे दोन आजार या आठवड्यात शेजारीशेजारी ठेवू. पहिला आपल्या ओळखीचा, म्हणजे कोड. जगातल्या लोकसंख्येत त्याचं प्रमाण साधारण ०.५ ते २ टक्के धरतात. दुसरा मेलॅनोमा. हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळा, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशांत त्याची मोठी धास्ती असते. दोन्ही आजार घडतात ते एकाच पेशीच्या बाबतीत. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी बसून मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणारी ही मेलॅनोसाइट, म्हणजे रंगपेशी. कोडात ती मारली जाते, मेलॅनोमात ती बेलगाम वाढते. करोनाच्या साथीपासून काढे, चूर्णं आणि गोळ्या विकताना ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाक्य इतकं वापरलं गेलं, की प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी आणि आपलं काम फक्त पातळी वर ठेवण्याचं, असा समज घट्ट झाला. हे दोन आजार एकत्र अभ्यासले की तो समज टिकत नाही. प्रतिकारयंत्रणेत जोर किती आहे, याहून ती कोणाला ओळखते आणि त्या ओळखीवर कुठे, कधी कृती करते, हे जास्त निर्णायक ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी कोड. दुधाबरोबर मासे खाल्ले म्हणून कोड झालं, रक्त अशुद्ध म्हणून झालं, ते शिवाशिवीनं पसरतं, यातलं काहीही खरं नाही. कोड संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. १९९८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कोड असलेल्या रुग्णांच्या रक्तात मेलन-ए हे रंगपेशीतलं प्रथिन नेमकं ओळखणाऱ्या टी-पेशी मोठ्या संख्येनं असल्याचं दाखवलं. त्या पेशींवर त्वचेकडे जाण्याची खूणही होती. तरीही शंका उरतेच. रक्तात पेशी सापडल्या म्हणून त्यांनीच रंगपेशी मारल्या, असं कसं म्हणायचं? घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. अ‍ॅम्स्टरडॅममधल्या गटानं २००९ साली या शंकेला थेट प्रयोगानं उत्तर दिलं. त्यांनी पसरत्या डागाच्या कडेची त्वचा घेतली, तिच्यात शिरलेल्या टी-पेशी वेगळ्या केल्या आणि त्याच रुग्णाच्या रंग शाबूत असलेल्या त्वचेच्या तुकड्याबरोबर काचपात्रात ठेवल्या. टी-पेशी तुकड्यात शिरल्या आणि तिथल्या रंगपेशी मरू लागल्या. सीडी८ प्रकारच्या मारक टी-पेशी वगळल्यावर हा परिणाम ओसरला. एवढं झाल्यावर कोडाला ‘प्रतिकारशक्ती कमी पडल्याचा’ आजार म्हणायला जागा उरत नाही. इथे यंत्रणा अतिशय नेमकेपणानं काम करत असते आणि रुग्णाची हानी होते ती त्या कामातूनच.

मग ही ओळख एवढी वर्षं गप्प का असते आणि अचानक कृतीत का उतरते? याचा एक धागा आपल्या घरातल्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटलेला असतो. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असलं, तर काही स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी हे वारंवार नोंदवलं आहे. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे डाग दिसतात. अमेरिकेत १९३९ साली चामडं कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात रबरी हातमोज्यांमधल्या अशाच एका रसायनामुळे पांढरे पडले होते. या फिनॉलवर्गी रसायनांची घडण टायरोसिनच्या, म्हणजे रंगपेशीच्या कच्च्या मालाच्या, जवळची असते. त्यामुळे रंगपेशी ती आपल्या कामात ओढून घेते आणि ताणाखाली येते. ताणाखालची पेशी धोक्याचे संदेश सोडते. ज्यांची जनुकीय घडण अनुकूल असते, त्यांच्यात तिथून प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि डाग टिकलीच्या सीमेबाहेरही जाऊ शकतो. पुढचं चक्र आता बरंच उलगडलं आहे. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्यामुळे शेजारच्या त्वचापेशी सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० ही बोलावणी धाडतात. त्या हाकेवर आणखी टी-पेशी येतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन हॅरिस यांच्या गटानं २०१४ साली उंदरांमध्ये सीएक्ससीएल१० अडवून दाखवलं, तेव्हा आजाराची वाढ तर थांबलीच, शिवाय गेलेला रंग परतू लागला.

आता मेलॅनोमाकडे येऊ. १९९०च्या दशकात ब्रसेल्समध्ये थिएरी बून आणि अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांचे गट एकच प्रश्न सोडवत होते : मेलॅनोमाच्या गाठीत शिरलेल्या टी-पेशी तिथे नेमकं काय ओळखतात? फक्त कर्करोगातच असणाऱ्या, परक्या अशा काही खुणा सापडतील, अशी अपेक्षा होती आणि तशा काही सापडल्याही. पण त्यांच्याबरोबर सापडली ती टायरोसिनेज, मेलन-ए, जीपी१०० ही प्रथिनं. ती निरोगी रंगपेशीच्या रोजच्या कामाची प्रथिनं आहेत, गाठीपुरती नाहीत. म्हणजे गाठीवर चालून जाणाऱ्या या टी-पेशी कर्करोगाला वेगळं काढतच नव्हत्या, त्या रंगपेशीच्या सबंध कुळालाच ओळखत होत्या. याचा उघड परिणाम रोझेनबर्ग यांनी १९९६ साली मांडला. इंटरल्युकिन-२ हे टी-पेशींना चेतवणारं औषध मेलॅनोमाच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिलं गेलं होतं. उपचारानंतर किमान वर्षभर जगलेल्यांपैकी मेलॅनोमाच्या ७४ रुग्णांत ११ जणांना कोड आलं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या १०४ रुग्णांत ते एकालाही आलं नाही. औषध तेच, चेतवणीही तीच. प्रतिकारशक्ती नुसती ‘वाढल्यानं’ कोड येत असतं, तर ते दोन्ही गटांत दिसायला हवं होतं. या साऱ्या विषयात मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

पुढे टी-पेशींवरचे लगाम काढणारी औषधं आली. त्यामागच्या मूलभूत शोधांसाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेनं पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यातलंच एक औषध घेणाऱ्या मेलॅनोमाच्या ६७ रुग्णांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या १७ जणांना कोड आलं आणि या १७ पैकी १२ जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. कोड न आलेल्या ५० जणांत हा आकडा १४ होता. यावर एक रास्त आक्षेप आहे. कोड यायला काही महिने लागतात. ज्याचा कर्करोग झपाट्यानं बळावला, तो रुग्ण तेवढा जगतच नाही किंवा त्याचं औषध तरी बंद होतं. मग ‘कोड आलेले जास्त जगले’ याचा अर्थ ‘जास्त जगले म्हणून कोड आलं’ असा नसेल कशावरून? नुसत्या टक्केवाऱ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांना हा आक्षेप पुरता लागू होतो आणि त्यांच्यावर मोठे निष्कर्ष उभे करू नयेत. पण मूत्रपिंडाच्या रुग्णांशी केलेली तुलना या कात्रीत सापडत नाही, कारण तिथे दोन्ही बाजूंना वर्षभर जगलेलेच रुग्ण घेतले होते. कोड म्हणजे बरं होण्याची हमी, असं मात्र कोणीही समजू नये. कोड येऊनही कर्करोग बळावलेले रुग्ण आहेत आणि कोड न येता बरे झालेलेही आहेत.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. मेलॅनोमाच्या पेशींत अतिनील किरणांमुळे हजारो उत्परिवर्तनं झालेली असतात. त्यातून खरोखर परकी दिसणारी प्रथिनं तयार होतात आणि लगाम काढणारी औषधं चालतात ती मुख्यतः त्यांच्यामुळे, असं अनेक अभ्यासक मानतात. मग रंगपेशीच्या प्रथिनांची ओळख ही फक्त वाटेत झालेली नासधूस ठरते. या म्हणण्याला बळ देणारं उदाहरणही आहे. डोळ्याच्या आतल्या युव्हिया नावाच्या थरात होणारा मेलॅनोमा रंगपेशींचाच असतो, जीपी१०० आणि मेलन-ए त्याच्यातही असतात. पण त्याला सूर्यकिरणांची झळ जवळपास लागलेली नसते, उत्परिवर्तनं फार थोडी असतात आणि लगाम काढणाऱ्या औषधांना तो दाद देत नाही. कुळाची ओळख पुरेशी असती, तर इथेही गुण यायला हवा होता. याचं उत्तर टेबेन्टाफस्प या औषधानं दिलं. या रेणूचं एक टोक गाठीच्या पेशीवर दिसणारा जीपी१०० चा तुकडा पकडतं, दुसरं टोक जवळून जाणाऱ्या कुठल्याही टी-पेशीला धरून तिथे आणतं. नैसर्गिक ओळखीची कमकुवत बाजू माणसानं इथे भरून काढली. शरीरात पसरलेल्या डोळ्याच्या मेलॅनोमाच्या ३७८ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वर्षाअखेर या औषधाच्या गटातले ७३ टक्के रुग्ण हयात होते, तुलनेच्या गटातले ५९ टक्के. आणि त्या दुसऱ्या गटात बहुतेकांना पेम्ब्रोलिझुमॅबच मिळालं होतं. टेबेन्टाफस्प घेणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठलं, काहींच्या त्वचेचा आणि केसांचा रंग गेला. म्हणजे कुळाच्या ओळखीतही आयुष्य वाढवण्याइतकी ताकद आहे. थायमसच्या शिकवणीनं ती मुळातच सौम्य ठेवलेली असते, म्हणून एरवी ती तोकडी पडते. दोन्ही ओळखींचा वाटा किती, हे गाठीगणिक बदलत असणार.

हे सगळं वाचून एक चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याची भीती आहे : कोड असणं हे वरदानच, मग त्यावर उपचार कशाला? नेदरलँड्समध्ये कोड असलेल्या १३०७ जणांची त्यांच्या जोडीदारांशी तुलना करणारी पाहणी झाली होती आणि कोड असलेल्यांत मेलॅनोमाचा धोका सुमारे तिपटीनं कमी आढळला. पण कोड असलेली माणसं ऊन टाळतात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. शिवाय जो कर्करोग आपल्याकडे मुळातच विरळा, त्याच्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाची बेरीज करून कोणाला मोडलेल्या लग्नाची किंवा नाकारलेल्या नोकरीची वजाबाकी सोसायला सांगणं, हे मला अन्यायाचं वाटतं. पुण्याची श्वेता असोसिएशन गेली अनेक वर्षं याच अवहेलनेविरुद्ध काम करते आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाचा विषयही तोच. उपचार आहेत. इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश पेशीच्या आत जॅक नावाच्या विकरांमार्फत पोचतो. ते विकर अडवणाऱ्या रक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत सहा महिन्यांनी साधारण ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचं कोड तीन चतुर्थांशानं किंवा त्याहून जास्त भरून आलं. या वर्गातल्या औषधांवर गंभीर संसर्ग आणि कर्करोगाबद्दलचा इशारा छापलेला असतो, म्हणून ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची.

हाच जॅकचा मार्ग मेलॅनोमातही भेटतो, तोही उलट बाजूनं. लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये असे रुग्ण तपासले, ज्यांच्या गाठी पेम्ब्रोलिझुमॅबनं आक्रसल्या आणि काही काळानं पुन्हा वाढल्या. काहींच्या गाठीत जॅक१ किंवा जॅक२ चं जनुक निकामी झालेलं आढळलं. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडत होत्या, पण गाठीपर्यंत तो संदेश पोचत नव्हता. डॉक्टर मलम लावून त्वचेत जे मुद्दाम घडवतात, ते गाठीनं स्वतःच्या बचावासाठी घडवून आणलं होतं.

एक गोष्ट यातून अजून सुटलेली नाही. मलम थांबवलं की अनेकांचे डाग पुन्हा उमटतात आणि तेही बहुधा जुन्याच जागी. रक्तात न फिरता त्वचेतच मुक्काम ठोकणाऱ्या स्मृतिपेशी यामागे आहेत. डार्टमथमध्ये मेरी जो टर्क यांच्या गटानं मेलॅनोमा काढून टाकलेल्या उंदरांत पाहिलं, की ज्यांना कोड आलं, त्यांच्या रंग गेलेल्या त्वचेत याच पेशी मेलॅनोमाला पुन्हा रुजू देत नाहीत. कोडाच्या रुग्णाच्या त्वचेतून या पेशी हुसकावण्यासाठी त्यांना जगवणाऱ्या इंटरल्युकिन-१५ च्या संदेशावर संशोधन चालू आहे. कर्करोगाचे अभ्यासक मात्र त्याच पेशी टिकवायच्या कशा, याचा शोध घेत आहेत. या मुक्कामी पेशी त्वचेत येतात कुठून आणि टिकतात किती काळ, ते पुढच्या भागात पाहू.