निर्मळ पाणी आणि निर्दोष पाणी
ॲक्सोलॉटलच्या काचपेटीची अल्प खर्चात परीक्षा

पाणी निर्मळ दिसले म्हणजे ते निर्दोष असते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरी जलचर पाळणारा मनुष्यही पुष्कळदा याच समजावर विसंबतो. परंतु पाण्यात विरघळलेल्या अमोनियाला रंग नसतो. आणि ज्या अल्प प्रमाणात तो जलचरांना बाधतो, त्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. अशा अदृश्य दोषाचा शोध थोडक्या खर्चात कसा घ्यावा, हे ॲक्सोलॉटल या प्राण्याच्या उदाहरणाने येथे सांगावयाचे आहे.

प्राण्याची ओळख

ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोतील उभयचर प्राणी होय. बेडकाचे पिलू कल्ले व शेपटी टाकून जमिनीवर येते. ॲक्सोलॉटल मात्र सहसा जन्मभर डिंभावस्थेतच राहतो आणि त्याच अवस्थेत त्याला प्रजाही होते. त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे मऊ कल्ले असतात. 1864 साली पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरील यांच्या हाती असे 6 प्राणी आले. पुढल्या वर्षी त्यांना झालेल्या पिलांपैकी काहींनी कल्ले गमावून जमिनीवरील प्राण्याचे रूप घेतले, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. तुटलेला पाय पुन्हा उगवण्याची शक्ती या प्राण्यास असल्यामुळे आज अनेक देशांतील प्रयोगशाळांत तो वाढविला जातो.

त्याच्या मूळ घरी मात्र त्याची स्थिती करुण आहे. मेक्सिको शहराजवळील होचिमिल्कोच्या कालव्यांत 1998 च्या मोजणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 ॲक्सोलॉटल आढळले होते; 2014 मध्ये ही संख्या 36 वर आली. बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे आणि दूषित पाणी ही त्याची प्रमुख कारणे होत. उघडे कल्ले व पातळ, ओलसर त्वचा यांमुळे पाण्यातील विष या प्राण्याच्या शरीरात सहज शिरते.

पहिले उपकरण : तापमापक

भारतातील शहरांतही हौशी लोक हा प्राणी पाळू लागले आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा परदेशी प्राण्याची सरकारदरबारी नोंद करणे आवश्यक असते. नोंदीइतकाच विचार हवामानाचाही करावयास हवा. लखनौचे उदाहरण घेऊ. तेथे मे-जून महिन्यांत हवेचे तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जाते. ॲक्सोलॉटलला मानवते ते 16 ते 18 अंशांचे पाणी. 24 अंशांच्या वरच्या पाण्यात तो फार काळ राहिल्यास अन्न सोडतो व रोगास बळी पडतो.

म्हणून सर्वांत स्वस्त उपकरण, म्हणजे साधा तापमापक, हेच सर्वांत आधी विकत घ्यावे. पहाटे व दुपारी अशा दोन वेळा पाण्याचे तापमान पाहावे. उष्णतेबरोबर पाण्यातील प्राणवायूही घटतो. 20 अंशांवर एक लिटर पाण्यात सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांवर 7.6 मिलिग्रॅमच मावतो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंश थंड होते. माठातले पाणी थंड राहते, ते याच नियमाने. परंतु हवा दमट झाली की माठ निवत नाही, आणि हा उपायही पावसाळ्यात लंगडा पडतो. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात पाणी थंड करणाऱ्या यंत्रावाचून हा प्राणी पाळणे हितावह नाही. प्राणी आणण्यापूर्वीच एका उन्हाळ्यात रिकाम्या पेटीतील पाण्याचे तापमान मोजून पाहिले, तर हे वेळीच कळेल.

अमोनियाची दोन रूपे

प्राण्याची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया निर्माण होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : एक मुक्त अमोनिया व दुसरा अमोनियम. पहिले रूप अतिशय विषारी, तर दुसरे पुष्कळच सौम्य. कोणत्या रूपाचा वाटा किती, हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे त्याच्या अम्ल किंवा अल्कधर्मी गुणावर, आणि तापमानावर अवलंबून असते. 20 अंशांवर पीएच 7 असता एकूण अमोनियापैकी सुमारे 0.4 टक्के मुक्त असतो. पीएच 8 असता हेच प्रमाण 3.8 टक्के होते. पाणी 30 अंशांपर्यंत तापले तर ते जवळजवळ 7.5 टक्क्यांवर जाते.

गंगेच्या खोऱ्यातील भूजल बहुधा कठीण व किंचित अल्कधर्मी असते. ॲक्सोलॉटलला कठीण पाणी मानवते, ही एक सोय झाली. पण अशा पाण्यात अल्प अमोनियाही अधिक घातक ठरतो, हे विसरता कामा नये. नळाचे पाणी वापरावयाचे असल्यास त्यातील क्लोरीन आधी घालवावा. त्यासाठी ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे.

खर्च कोठे करावा

तापमापकानंतर अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व पीएच या क्रमाने परीक्षासाहित्य घ्यावे. कागदी पट्ट्या स्वस्त वाटतात, पण त्यांचे रंग ढोबळ असतात. थेंबांनी करावयाच्या परीक्षेचा संच एकदम महाग दिसला, तरी एका बाटलीत अनेक परीक्षा होत असल्याने दर परीक्षेचा खर्च थोडा पडतो. शाळेने किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एकच संच घ्यावा. बाटलीवरील मुदत पाहावी, नळीतील पाणी खुणेपर्यंत अचूक भरावे, सांगितलेली मिनिटे थांबावे आणि रंग दिवसाच्या उजेडात ताडावा.

संच खरा आहे की नाही, हेही तपासता येते. शाळेच्या प्रयोगशाळेतील शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, 1 ग्रॅम घेऊन ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा व द्रावण 1 लिटर करावे. त्यात लिटरला सुमारे 318 मिलिग्रॅम अमोनिया असतो. यातील 10 मिलिलिटर घेऊन त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालीत पुन्हा 1 लिटर केले, की लिटरला सुमारे 3 मिलिग्रॅमचे द्रावण मिळते. संचाने ते 3 च्या जवळपास दाखविले पाहिजे, आणि नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात शून्य. ही द्रावणे पेटीत ओतू नयेत.

नव्या पेटीचा धोका

1877 साली फ्रान्समध्ये श्लोसिंग व म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. यावरून ती सजीवांकडून होते, हे उघड झाले. पुढे विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास हे सूक्ष्मजंतू वेगळे काढले. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट.

नव्या काचपेटीत हे जंतू स्थिरावण्यास बहुधा चार ते आठ आठवडे लागतात. त्या अवधीत प्राणी आत सोडू नये. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे पेटी सिद्ध झाली असे समजावे. त्यानंतर आठवड्यास एक परीक्षा पुरते. नायट्रेट लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आत ठेवणे बरे. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास त्याच तापमानाचे, क्लोरीन घालविलेले पाणी घेऊन पेटीतील निम्मे पाणी तत्काळ बदलावे.

प्रत्येक वेळी तारीख, तापमान व मिळालेले आकडे वहीत लिहावेत. एका आकड्यावरून फारसे कळत नाही. आकडा चढत आहे की उतरत आहे, हे वही सांगते. लखनौ येथेच 1965 पासून विषविज्ञानाची राष्ट्रीय संशोधनसंस्था कार्य करीत आहे. तेथील काय किंवा अन्य कोणत्याही प्रयोगशाळेतील काय, महागड्या यंत्राचे उत्तरही ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशी ताडल्यावाचून ग्राह्य धरले जात नाही. नवसागराच्या चिमटीने विद्यार्थी करतो ती परीक्षा याच जातीची आहे. आणि शाळेच्या हौदातील देशी माशांसाठी तिचा उपयोग तितकाच होतो.